चवड्याखालचं पॅड नेमकं कुठे?

जेलचं पॅड लावूनही चवडा ठणकतोच, असं तुम्ही लिहिलंय. पॅड अगदी दुखऱ्या जागेखालीच ठेवलंय का? मीही आधी तेच केलं आणि कळ उलट वाढली. ते थोडं मागे, टाचेच्या बाजूला हवं, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा भार हलका होतो. दुखऱ्या जागी लिपस्टिकचा ठिपका लावून बुटात पाय ठेवा. आत ठसा उमटेल, त्याच्या मागे पॅड चिकटवा. बूट पुढून रुंदच घ्या. पोटऱ्या आखडल्या असतील तर रोज ताण द्या, नाहीतर चालताना टाच लवकर उचलली जाते आणि वजन चवड्यावर येतं. तिसऱ्या-चौथ्या बोटांत मुंग्या येत असतील, बुटात खडा असल्यासारखं वाटत असेल तर नसेचं दुखणं असू शकतं. सूज किंवा मधुमेह असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.