दुसऱ्याच्या कॉन्सर्टबाहेर आपल्या बँडची पत्रकं वाटणं, बरं दिसतं का?

ठाकुर्ली_सायडिंग (प्रश्न)

मंडळी एक शंका आहे, हसू नका. आमच्या इकडचा एक मराठी रॉक बँड आहे, चार पोरं, स्वतःची गाणी, एक नंबर वाजवतात पण ऐकायला कोण येतं तर आम्हीच सहा-सात जण, दोघांचे आईवडील आणि ड्रमरची गर्लफ्रेंड. आम्ही त्यांचे पंखे म्हणा, पगारी कोणी नाही. 24 मे ला त्यांचा अंधेरीत एका छोट्या जागी शो आहे आणि त्याच्या बरोब्बर एक आठवडा आधी 17 ला महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन रोझेस, त्या अमेरिकन रॉक बँडचा कॉन्सर्ट. म्हणजे मुंबईतली झाडून सगळी गिटारवाली जनता एका रस्त्यावर येणार. तर आमच्या डोक्यात आलंय की आपण बाहेर उभं राहून पत्रकं वाटायची, क्यूआर कोड टाकून, स्कॅन केलं की गाणं सुरू. 500 छापायचा विचार आहे. पण ग्रुपमधला एकजण म्हणतो हे म्हणजे आयत्या बिळावर नागोबा, लोक शिव्या घालतील आणि पोलीस हाकलतील ते वेगळंच. कोणी केलंय का असं आधी? बँडचं नाव मुद्दाम देत नाहीये, नाहीतर म्हणाल इथेच जाहिरात सुरू केली.

चौथी_सीट

भावा स्पष्ट बोलतो, राग मानू नको. मी त्या रांगेत असणारे. 2012 ला बीकेसीत आले होते तेव्हाही गेलो होतो पण तेव्हा स्लॅश, त्यांचा मेन गिटारवाला, नव्हता बँडमध्ये, अर्धं जेवण झाल्यासारखं वाटलं होतं. म्हणजे मी तेरा वर्षं थांबलोय, तिकिटाला अर्धा पगार घातलाय, उन्हात घामाने निथळत उभा आहे, आणि अशात कोणीतरी येऊन "दादा आमचा बँड ऐका ना" केलं तर मी काय करेन? कागद घेईन, घडी घालेन, गेटवर बॅग चेक करतात तिथल्या डब्यात टाकेन. वाचणारसुद्धा नाही. आणि तुमच्यातला एखादा शहाणा हमखास म्हणणार की हे म्हातारे झाले आता, आमचे बघा. तसं म्हणालात तर मात्र मार खाल.

रंगभवनचा_कट्टा

अहो चौथी सीट, पोरांना एवढं घाबरवू नका. हे काही आज निघालेलं खूळ नाही. धोबीतलावच्या रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक नावाचं रॉक फेस्टिव्हल व्हायचं, 1986 ला सुरू झालं ते, आम्ही कॉलेजात होतो. आत जेवढी गर्दी तेवढीच बाहेर भिंतीला टेकून, कारण ओपन एअर, आवाज फुकट. तिथे बाहेर प्रत्येक कॉलेजच्या बँडचे चेले झेरॉक्स काढलेली पत्रकं घेऊन उभे असायचे, हाताने काढलेली कवटी, खाली कोणाच्यातरी घरचा फोन नंबर, तोही बहुतेक शेजाऱ्यांचा! रॉक मशीन या बँडचं नाव (तेच पुढे इंडस क्रीड झाले) मी पहिल्यांदा असंच बाहेर, एका दाढीवाल्याच्या तोंडून ऐकलं. त्याने कागदबिगद काही दिला नाही, नुसता दहा मिनिटं भांडला माझ्याशी की तू अजून ऐकलं कसं नाहीस. पत्रकं सगळी विसरलो, तो दाढीवाला लक्षात आहे. पुढे शांतता क्षेत्राच्या, म्हणजे आवाजबंदीच्या, भानगडीत रंगभवन बंद पडलं आणि तो कट्टाही गेला, असो, त्यावर बोलायला लागलो तर रात्र पुरायची नाही.

बेसूर_बेसिस्ट

मी केलंय. 2008, फेब्रुवारीची 1 तारीख, आयर्न मेडन हा ब्रिटिश मेटल बँड बीकेसीला, त्यांच्या वर्ल्ड टूरची सुरुवातच मुंबईत होती. आमच्याच बँडच्या साठ डेमो सीडी रात्रभर जागून राईट केल्या, वर मार्करने नाव. दुपारपासून रांगेत वाटल्या आणि माती खाल्ली. सिक्युरिटी सीडी आत नेऊ देईना, लोकांनी काय करावं, गेटपाशीच टाकून दिल्या. मी डोळ्यांनी बघितलं, आमच्या सीड्यांवरून पब्लिक चालत जातंय, कुर्रकुर्र आवाज येतोय. रडू यायचं बाकी होतं. सात-आठ उरल्या होत्या त्या शो सुटल्यावर कुर्ल्याकडे चालत जाताना सोबतच्या लोकांना दिल्या, गप्पा मारत मारत. मेल आले तीन. तिन्ही त्या सात-आठातले. त्यातल्या एकाबरोबर मी पुढे चार वर्षं वाजवलं.

म्हणून सांगतो जाताना देऊ नका, सुटताना द्या. उघड्यावर स्पीकरला रात्री 10 ची मर्यादा आहे, त्यामुळे शो लांबत नाही, सगळे एकदम बाहेर पडतात, कानात शिट्टी वाजत असते, मूड झकास असतो आणि स्टेशनपर्यंत चालायचंच असतं. आणि क्यूआरवर अजिबात विसंबू नका, एवढ्या गर्दीत नेटवर्क झोपतं, घिरट्या घालणारं चक्र बघून माणूस फोन खिशात टाकतो तो टाकतोच. तारीख, जागा, तिकीट किती, हे मोठ्या अक्षरात मराठीत छापा.

वकीलबाई_कल्याणच्या

दोन गोष्टी माझ्याकडून. एक, काहीही चिकटवू नका, ना खांबावर ना पुलाच्या कठड्यावर, स्टिकर तर नकोच. मालमत्तेच्या विद्रूपणाचा 1995 चा कायदा आहे आपल्याकडे आणि स्टिकरवर बँडचं नाव म्हणजे आरोपीने स्वतःच पत्ता लिहून दिल्यासारखं. दुसरं, स्टेशनच्या हद्दीत शिरू नका. जिना, पूल, प्लॅटफॉर्म सगळं रेल्वेचं, तिथे परवान्याशिवाय गिऱ्हाईक गाठणं रेल्वे कायद्याच्या कलम 144 मध्ये बसवतात. बाहेर फुटपाथवर दोघा-दोघांनी उभे राहा, घोळका नको, पोलीस म्हणाले पुढे सरका तर "हो साहेब" म्हणून सरका, हक्क समजावत बसू नका. आणि निघताना खाली पडलेले कागद उचला. आमच्या सोसायटीतल्या मुलांना मी असंच उचलायला लावलं होतं, नंतर त्यातलेच अर्धे पुन्हा वाटले त्यांनी, कार्टी हुशार.

चौथी_सीट

मे महिना आहे हो. कागदापेक्षा वारा घालायला काहीतरी द्या, मी स्वतः घेईन.

ठाकुर्ली_सायडिंग

थांबा थांबा. निवडणुकीत वाटतात ना तो गोल पुठ्ठा, अंगठा घालायला भोक असलेला? पंख्यांनी वाटलेले पंखे! ओळखीचा प्रेसवाला आहे, विचारतो.

ठाकुर्ली_सायडिंग (दहा-बारा दिवसांनी)

अपडेट द्यायचं राहिलं. पुठ्ठा महाग पडला म्हणून 500 चे 200 झाले, एका बाजूला मोठ्ठं "24 मे, अंधेरी" आणि दुसऱ्या बाजूला बँडचं नाव. बेसूर बेसिस्टचं ऐकून बहुतेक सुटताना द्यायचे ठरवलेले पण दुपारी उकाडाच असा होता की एकाला दिला आणि मागून दहा हात आले. काय रांग होती, कोण डोक्याला त्यांच्या गायकासारखा, अ‍ॅक्सलसारखा रुमाल बांधून, कोण त्या उन्हात स्लॅशची उंच काळी टोपी घालून, घामाच्या धारा, त्या टोपीवाल्याने तर दोन घेतले. तासाभरात सव्वाशे गेले. फुटपाथवर काळे टी-शर्ट विकणारा एक भाई बसला होता, त्याला एक दिला, तो उलटसुलट बघून म्हणतो, "ये लोग का टी-शर्ट चलेगा क्या? छापूं?" आमच्या बँडला आजवर मिळालेली सगळ्यात मोठी ऑफर हीच.

हवालदार आले एकदा, "हो साहेब" केलं, सरकलो, तेही एक पंखा घेऊन गेले. सुटताना मात्र फार जमलं नाही. लोंढाच असा येतो की आपणच वाहत जातो, बोलणं झालं फक्त पाच-सहा जणांशी, त्यात एक काका होते ते रंगभवनच्याच आठवणी सांगत होते (कट्टा, तुम्ही नव्हता ना?). कागद खाली जवळजवळ पडलेच नाहीत, पंखा कोण टाकतंय.

24 ला एकूण माणसं 41, मोजली मी दारात. त्यातली ओळखीची नसलेली नऊ, आणि तिघांच्या हातात पंखा. मागे एकजण शेवटपर्यंत हाताची घडी घालून उभा होता, हसला नाही की बोलला नाही, पण ड्रमसोलोला मान हलत होती. चौथी सीट, तू होतास का रे तो?

उरलेले पंखे आईने मजल्यावर वाटून टाकले. परवा रात्री लाईट गेली तर गॅलरीत अख्खी बिल्डिंग आमच्या बँडच्या नावाने वारा घेत बसलेली.