सागवानी दाराची चौकट, झडप आणि दोन पॅलेट: टेबलाचा टॉप कशाचा करावा?

नवखा_रंधा:
लिहिण्या-वाचण्याचं आणि कॉम्प्युटरचं टेबल करायचं आहे. माप 120 × 60 सेमी, उंची 74. हाताशी असलेलं लाकूड:
– सागवानी चौकट, 100 × 65 मिमी. दोन उभे 2 मीटरचे, वरचा आडवा 1.3 मीटरचा. झडपेसाठी एका बाजूला खाच आहे.
– त्याच दाराची फळ्यांची झडप. पाच फळ्या, प्रत्येकी साधारण 12.5 सेमी रुंद, 25 मिमी जाड, 190 सेमी लांब. मागे आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. दोन्हींवर जुन्या ऑइलपेंटचे थर.
– पाइनची दोन पॅलेट (माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटी).

हत्यारं: हातरंधा, पटाशी, ड्रिल, गोल करवत, चार क्लॅम्प. विचार असा की टॉप पॅलेटचा आणि पाय सागाचे. टॉप सांगाड्याला डिंक आणि स्क्रू लावून पक्का बसवला तर चालेल ना? आणि रंग घासून काढू का?

गुण्या_९०:
उलटं करा. टॉप झडपेचा, पॅलेट खणांना.

पॅलेटच्या फळ्या 15 ते 22 मिमीच्या असतात आणि रंधा मारून सपाट करेपर्यंत त्यातले तीन-चार मिमी जातात. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो. म्हणजे लाकूड तेच धरलं तरी पॅलेटच्या 16 मिमीच्या फळीपेक्षा झडपेची रंधून उरलेली 22 मिमीची फळी अडीच पटींहून जास्त ताठ. शिवाय दोन्ही टोकांना आणि मध्ये खिळ्यांची भोकं, त्यामुळे 120 सेमीचा सलग तुकडा क्वचितच मिळतो.

झडपेचं गणित मात्र जमतंय. 5 × 12.5 = 62.5, कडा सरळ करताना दोन-अडीच सेमी जातील, उरतात 60. लांबीतून 70 सेमीचे तुकडे वाचतील, ते खणाच्या दर्शनी बाजूला.

पाय: चौकटीचा खाचेचा भाग उभा चिरून टाका, 65 × 65 राहील, रंधून 60 × 60. टॉप 22 मिमीचा झाला की पाय 71.8 सेमीचे. एका उभ्यातून दोन पाय आणि वर 56 सेमी. त्यातून बाजूच्या आडपट्ट्या निघतात (पायांमध्ये 42 सेमी, अधिक दोन्हीकडे 3.5 सेमी कुसू, म्हणजे पायाच्या भोकात शिरणारं बारीक टोक). वरच्या आडव्याच्या टोकांना उभ्यांच्या कुसवांसाठी पाडलेल्या खाचा असतील. तेवढं सोडून 110 सेमी मिळालं तर 65 मिमी जाडी मधोमध चिरा. पुढची-मागची आडपट्टी तयार. खाच असलेला अर्धा मागे लावा.

पुढची पट्टी 8 सेमीपेक्षा उंच नको, मांड्या अडतात. मागची पूर्ण 10 ठेवा, टेबल डावी-उजवीकडे हलतं ते तिनेच थांबतं. कुसू 10 मिमी जाड. पायाच्या आत दोन कुसू एकमेकांना भिडतात, म्हणून त्यांची टोकं 45 अंशात कापा.

खिळेउपट्या:
रंध्याला हात लावण्याआधी लोखंड. अशा झडपेचे खिळे बहुधा आरपार ठोकून मागे दुमडलेले असतात. ते माथ्याकडून ओढले की फळी चिरते. आधी दुमडलेलं टोक पटाशीच्या जुन्या पात्याने उचलून सरळ करा, मग मागून पंचने ठोका. माथा वर आला की पकडीखाली लाकडाचा तुकडा ठेवून उपटा. मोडून आत राहिलेले चुंबक फिरवून शोधा, प्रत्येक जागी खडूची खूण करा. रंध्याचं पातं तर जाईलच, पण गोल करवतीत खिळा आला तर दाते उडतात. चष्मा हवाच.

खिळ्याभोवतीचा काळा डाग म्हणजे लोखंड आणि लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याची क्रिया. रंधून जात नाही तिथे ऑक्झॅलिक अॅसिड कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने लावा, नंतर दोन-तीनदा पाण्याने धुवा. विषारी आहे, हातमोजे घाला, वाळलेली पूड घासू नका.

पॅलेटवरचा शिक्का बघा. एचटी म्हणजे गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस किमान 30 मिनिटं तापवलेलं, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते सोडा. शिक्का नाही किंवा तेलकट डाग आहे, तर त्यावर काय सांडलं होतं ते कळायला मार्ग नाही. तेही सोडा.

ओला_पोचारा:
रंग घासू नका. जुन्या ऑइलपेंटात शिसं असू शकतं आणि कोरड्या घासणीची धूळ घरभर जाते. हीट गनही नको, धूर होतो. पेंट रिमूव्हर लावून मऊ करा, ओलं असतानाच खरवडा, पापुद्रे प्लास्टिकवर गोळा करून पिशवीत बांधा. पी-100 फिल्टरचा (अगदी बारीक धूळ अडवणारा) मास्क लावा, लहान मुलं आसपास नकोत. नक्षी नसेल त्या सपाट फळीवर हे काम वाटतं तितकं किचकट नाही.

नवखा_रंधा:
समजलं. टॉप बसवण्याचं राहिलं. आणि चार क्लॅम्पमध्ये पाच फळ्या जुळतील का?

गुण्या_९०:
टॉप डिंकाने चिकटवायचा नाही. लाकूड जुनं असलं तरी हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. आतला ओलावा 4 टक्क्यांनी बदलला तर 60 सेमी रुंदीचा सागवानी टॉप चार-साडेचार मिमीपर्यंत फुगतो किंवा आकसतो. लांबीत फरक जवळजवळ शून्य. पक्का बसवला तर फळी चिरते, नाहीतर जोड उघडतो. बाजूच्या आडपट्ट्यांत मधला एक स्क्रू घट्ट, बाकीच्यांना 4 × 12 मिमीची लांबट भोकं पाडा, लांबी टेबलाच्या पुढे-मागे दिशेने, आणि वॉशर घाला. पुढच्या-मागच्या पट्टीला लाकडी बटणं: पट्टीत आडवी खाच, त्यात बटणाची जीभ, बटण स्क्रूने टॉपला. जिभेच्या टोकाला 3 मिमी मोकळी जागा ठेवा.

क्लॅम्प चार पुरतील, दोन खाली दोन वर, पण पाचही फळ्या एकदम जोडू नका. आधी दोन-दोनच्या जोड्या, मग सगळं. शेजारच्या दोन फळ्या पुस्तकासारख्या मिटून दोघींच्या कडा एकाच वेळी रंधा. कोन थोडा चुकला तरी दोन्हीकडे उलट चुकतो आणि जोड सपाट बसतो. कोरडं जुळवून उजेडासमोर धरा. फट दिसली तर पुन्हा रंधा, क्लॅम्पच्या जोरावर फट मिटवू नका.

सागात तेल असतं. कड ताजी रंधून, अॅसिटोनने पुसून, पंधरा-वीस मिनिटांत डिंक लावा. पांढरा डिंक चालतो. तासाभराने क्लॅम्प सोडता येतात, पण रंधा चोवीस तासांनीच. टॉपला पीळ आहे का ते दोन सरळ पट्ट्या दोन टोकांना ठेवून डोळा लावून बघा.

ओला_पोचारा:
खिळ्यांच्या भोकांत त्याच लाकडाचा बारीक भुसा आणि इपॉक्सी भरा. पांढऱ्या डिंकात भुसा कालवला तर पॉलिशनंतर ठिपके वेगळे दिसतात. काच कागद 80, 120, 180 नंबर, शेवटचा लाकडाच्या रेषेच्या दिशेने.

टॉपला पॉलीयुरेथेनचे तीन पातळ हात द्या. लाखेचं पॉलिश दिसतं सुरेख, पण गरम कपाचं पांढरं वर्तुळ पडतं. वर जेवढे हात, तेवढेच खालच्या बाजूला. एकच बाजू बंद केली की दुसरीकडून ओलावा आत-बाहेर होतो आणि टॉपची वाटी होते. वायरचं भोकही पॉलिशच्या आधीच पाडा. 60 मिमीचं होल-सॉ (ड्रिलला लावायची गोल भोकाची करवत) वरून अर्ध्यात न्या, मग उलटून खालून, म्हणजे कड फुटणार नाही. आतल्या कडेलाही पॉलिश लावा.