कूपर्स हिलचं चीज: या उत्सवाला संयोजक हवाच का?

टेकडीवाली

मे महिन्याचा शेवटचा सोमवार जवळ आला की आमच्या ऑफिसात एकच वाद सुरू होतो आणि मी दरवर्षी एकाच बाजूने भांडते. यंदा म्हटलं, आपल्या माणसांशी मराठीत भांडावं.

मी सात वर्षं इंग्लंडमध्ये चेल्टनमला राहते. इथून जवळ, ग्लॉस्टरच्या बाजूला ब्रॉकवर्थ नावाचं गाव आहे आणि गावाच्या डोक्यावर कूपर्स हिल ही टेकडी. तिच्या माथ्यावरून डबल ग्लॉस्टर चीजचं तीन-चार किलोचं गोल चाक खाली सोडतात आणि माणसं त्याच्यामागे धावत सुटतात. चीज कुणाच्या हाती लागत नाही, ते केव्हाच खाली गेलेलं असतं. जो सगळ्यांत आधी खाली पोचेल, चीज त्याचं. पुरुषांच्या शर्यती वेगळ्या, बायकांची वेगळी, शिवाय खालून वर चढायच्याही शर्यती असतात.

ज्यांनी नुसते व्हिडिओ पाहिलेत त्यांना उताराचा अंदाज येत नाही. लांबी साधारण १८० मीटर. मी पहिल्यांदा कडेच्या झाडीतून वर चढले तेव्हा मधल्या टप्प्यात उभ्यानेच हात पुढे केला तर समोरचं गवत हाताला लागत होतं. वर पांढरा कोट घातलेला माणूस आकडे मोजतो. तीनला चीज सुटतं, चारला माणसं. पहिली पाच-सहा पावलं धावणं असतं, नंतर ज्याचं त्याचं शरीर ज्याला त्याला खाली नेतं. तळाशी रग्बी खेळणारी दांडगी पोरं छातीवर झेलायला उभी असतात.

आता मुद्दा. २००९ साली इथे सुमारे १५,००० लोक आले, जागेला झेपतील त्याहून कितीतरी जास्त. म्हणून २०१० चा अधिकृत कार्यक्रम रद्द झाला. २०११ साठी २० पौंड तिकीट लावून दोन दिवसांचा कार्यक्रम करायचं ठरलं, त्यावर लोक इतके भडकले की आयोजकांना धमक्या आल्या आणि तोही बेत बारगळला. धमक्या देणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण तेव्हापासून गावातली माणसं आपणहून जमतात आणि शर्यत होते. संयोजक नाही, तिकीट नाही, प्रायोजकाचे फलक नाहीत.

माझं म्हणणं, हे असंच राहू द्या. १८२६ साली ग्लॉस्टरच्या दवंडीवाल्याला दिलेल्या मजकुरात या शर्यतीचा उल्लेख आहे आणि तेव्हाही ती जुनीच मानली जात होती. १९४१ ते १९५४ रेशनिंगमुळे चीज मिळेना, तर लोकांनी लाकडाचं चाक केलं आणि त्यात खाच पाडून चीजचा छोटा तुकडा बसवला. इतक्या जिवापाड जपलेली गोष्ट कुंपण आणि तिकीटखिडकीच्या हवाली करायची? उडी घेणारा प्रत्येक जण सज्ञान असतो आणि समोरचा उतार डोळ्यांनी बघूनच उडी घेतो.

तुम्हाला काय वाटतं?

पाटणकर काका

पूर्ण सहमत. गावाची गोष्ट गावाकडे राहावी. समिती आली की पावती आली, पावती आली की पाहुणे आले आणि पाहुणे आले की भाषणं आली. आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या फडाचं हेच झालं. पूर्वी संध्याकाळी चारला पहिली जोड लागायची, आता सत्कारच सहापर्यंत चालतात आणि मल्ल लंगोट लावून ताटकळत बसतात.

सिस्टर स्मिता

ताई, मी इंग्लंडमध्येच एका हॉस्पिटलच्या अपघात विभागात नर्स आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते.

२०२३ ला बायकांची शर्यत कॅनडाच्या डिलेनी अर्व्हिंगने जिंकली. एकोणीस वर्षांची पोरगी. खाली येताना डोक्याला मार बसून ती बेशुद्ध झाली आणि त्याच अवस्थेत गडगडत पहिली आली. आपण जिंकलोय हे तिला वैद्यकीय तंबूत शुद्धीवर आल्यावर कळलं. जगभर ही बातमी कौतुकाने फिरली. मी ती वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मानेचा पट्टा आला. बेशुद्ध माणूस उतारावरून येतो तेव्हा मान सावरायला स्नायू काम करत नाहीत. त्या दिवशी ती वाचली म्हणून आपण आनंदाने बोलतोय.

टेकडीवर जायला रस्ता किती अरुंद आहे हे तुम्ही लिहिलं नाहीत. २०२५ ला टूक्सबरीच्या स्थानिक प्रशासनाच्या सुरक्षा सल्लागार गटाने हीच चिंता बोलून दाखवली होती. एकाच वेळी बरेच जण जखमी झाले तर मदत पोचणार कशी? पोटऱ्या, घोटे, खांदे यांचं मी समजू शकते. पण शर्यतीचा सोमवार म्हणजे बँक हॉलिडे, सार्वजनिक सुट्टी, आणि सुट्टीला आमच्याकडे माणसं आधीच कमी असतात. त्या सोमवारी टेकडीखाली थांबलेली प्रत्येक अ‍ॅम्ब्युलन्स छातीत दुखणाऱ्या कुठल्या तरी आजोबांसाठी मोकळी नसते.

सज्ञान माणूस स्वतःचा धोका पत्करतो, मान्य. दुसऱ्याच्या वाटचा त्याने परस्पर पत्करू नये.

वरळीचा थर

मी दहा वर्षं गोविंदा पथकात होतो, सहा वर्षं दुसऱ्या थराला. म्हणून या विषयावर गप्प बसवत नाही.

आमचा एक मित्र सरावात पडला. मनगट आणि कॉलरबोन. कुणाचं नाव घेत नाही, पण ज्यांच्या हंडीसाठी आम्ही महिनाभर सराव करत होतो त्यांनी नंतर फोनसुद्धा उचलला नाही. बिल पथकातल्या पोरांनी पगारातून भरलं. त्या दिवसापासून मला "सगळे आपणहून येतात" हे वाक्य ऐकवत नाही. जिंकलं की सगळ्यांचं, पडलं की एकट्याचं, असा त्याचा अर्थ निघतो.

नियम आले की उत्सव मरतो हे आम्हालाही सांगितलं होतं. २०१४ ला मुंबई उच्च न्यायालयाने २० फुटांची मर्यादा घातली, २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, तेव्हा आम्हीही चिडलो होतो. २०१७ ला उंचीची अट गेली, पण १४ वर्षांखालच्या पोरांना बंदी राहिली. २०२२ ला राज्य सरकारने साहसी खेळाचा दर्जा दिला आणि विम्याचं संरक्षण आलं. हंडी बंद पडली का? उलट आता पथकाचा कागद झाल्याशिवाय आई पोराला पाठवत नाही. अंमलबजावणीत भोकं आहेत, ती मला ठाऊक आहेत. पण कागद आहे, म्हणून भांडता येतं.

टेकडीवाली

दादा, तुमच्या मित्राचं वाचून वाईट वाटलं. पण एक फरक बघा. तुमच्या हंडीला लाखांची बक्षिसं लावणारा कुणी तरी होता, त्याला त्या गर्दीतून काही हवं होतं. कूपर्स हिलवर कुणालाच काही मिळत नाही. बक्षीस म्हणजे चीज. ब्रॉकवर्थच्याच क्रिस अँडरसनने २३ शर्यती जिंकल्या, त्यातून त्याच्या घरी चीज गेलं आणि नाव झालं. पैशाची लालूच नसेल तिथे पिळवणूक कशी होईल?

डेव्हनकर

मध्येच बोलतो, कारण संयोजक असलेला आणि याहून भयंकर दिसणारा उत्सव मी जवळून बघितलाय. डेव्हनमधल्या ऑटरी सेंट मेरी गावात ५ नोव्हेंबरला जळती डांबराची पिंपं खांद्यावर घेऊन धावतात. ढकलत नाहीत, खांद्यावर घेतात. पिंपाच्या आतल्या बाजूला आधीपासून डांबर लावून ठेवलेलं असतं. पेटवलं की तोंडातून ज्वाळा निघतात आणि हाताला गोणपाटाचे जाड हातमोजे बांधलेला माणूस ते मानेमागे घेऊन थेट गर्दीत शिरतो. गर्दी फाटते आणि पुन्हा मिटते. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो, तरी भुवया करपल्याचा वास आला. दुपारी मुलांची छोटी पिंपं, मग बायकांची, मग मोठ्यांची आणि मध्यरात्री चौकात सगळ्यांत जड पिंप.

आणि हे सगळं समिती चालवते. रस्ते बंद करतात, प्रथमोपचार असतो, विमा काढतात. विम्याचा खर्च त्यांच्या डोक्यावर कायमचा टांगलेला असतो, त्यासाठी निधी गोळा करावा लागतो. पिंप कुणी उचलायचं याचा नियम कडक आहे: त्या गावात जन्मलेला किंवा आयुष्याचा मोठा भाग तिथे काढलेला माणूसच. घराण्यांत बापाकडून मुलाकडे, आईकडून मुलीकडे ते जातं.

टेकडीवाली ताई, "गावाचं गावाकडे" म्हणजे मला हे वाटतं. कूपर्स हिलवर उलट झालंय. मालक नाही, म्हणून कुणीही येतो. २०२४ ला पुरुषांच्या शर्यतीत जर्मनीचा टॉम कोप्के जिंकला, बायकांत अमेरिकेची अ‍ॅबी लँप दुसऱ्यांदा जिंकली. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, हिंमतीने धावले. पण मग तो ब्रॉकवर्थचा उत्सव कसा राहिला? ऑटरीत नियम आहेत म्हणून तो ऑटरीचा राहिलाय.

पाटणकर काका

हे उदाहरण विचारात पाडणारं आहे. तरीही बाहेरच्याला बंदी मला पटत नाही. वारीत पायी चालायला आपण दाखला मागत नाही.

सिस्टर स्मिता

काका, वारीचं नाव काढलंत म्हणून सांगते. वारीत दिंडीला क्रमांक असतो, मुक्काम ठरलेला असतो, पाण्याचे टँकर आणि वैद्यकीय पथकं सोबत चालतात. वारी इतकी मोठी होऊनही टिकली, कारण दिंडीतल्या प्रत्येकाला कोण कुठे आहे हे माहीत असतं.

ताई, एक प्रश्न. संयोजक नाही म्हणता, तर २०१३ ला पोलीस कुणाकडे गेले होते?

टेकडीवाली

चीज करणाऱ्या डायना स्मार्ट यांच्याकडे. हे मी वर लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ग्लॉस्टरजवळ चर्चम इथे त्यांचं शेत, १९८८ पासून शर्यतीचं चीज त्याच द्यायच्या. २०१३ ला त्या ८६ वर्षांच्या होत्या. कुणी जखमी झालं तर चीज पुरवल्याबद्दल तुम्हाला जबाबदार धरलं जाऊ शकतं, असं पोलिसांनी त्यांना सांगितलं. त्या वर्षी खऱ्या चीजऐवजी फोमचं हलकं चाक सोडावं लागलं.

वरळीचा थर

हेच. मालक नाही म्हटल्यावर जबाबदारी हवेत विरत नाही. जिचा पत्ता सगळ्यांना माहीत, त्या म्हातारीच्या दाराशी ती जाऊन उभी राहते. मजा सगळ्या गर्दीने केली आणि पोलीस चीजवाल्या आजीकडे. ताई, तुम्ही म्हणालात कुणालाच काही मिळत नाही. तिलाही मिळत नव्हतं, तरी धाक तिलाच दाखवला.

टेकडीवाली

रात्रभर यावर विचार केला. तुमचं हे म्हणणं मला खोडता येत नाही आणि खोडायचंही नाही. ज्यांनी चीज दिलं, ज्यांनी तळाशी उभं राहून माणसं झेलली, त्यांच्यावर भार पडता कामा नये.

पण तिकिटाला माझा विरोध कायम आहे. तिकीट आलं की बघणाऱ्याचा हक्क तयार होतो: मी २० पौंड दिलेत, मला शर्यत हवीच. मग पावसाने टेकडी निसरडी झाली तरी ती रद्द करणं अवघड. आज गावकरी नको म्हणाले तर ती तिथल्या तिथे थांबते. मला वाटतं वर्गणी काढावी, गावातून आणि येणाऱ्यांकडून, आपखुशीची. त्यातून प्रथमोपचाराचं पथक आणावं आणि तो अरुंद रस्ता मोकळा ठेवायला माणसं उभी करावीत. कुंपण नको.

सिस्टर स्मिता

रस्त्याचं आधी करा. बाकीचं पुढच्या वर्षी झालं तरी चालेल. आणि बेशुद्ध झालेल्याला रग्बीच्या पोरांनी लगेच उचलू नये, मान धरून जागीच ठेवावं, एवढं त्यांना कुणी तरी शिकवा. एका दुपारचं काम आहे. मी येऊन शिकवायला तयार आहे.

वरळीचा थर

ताई, वर्गणी म्हटलं की पावती आली आणि पावतीवर कुणाची तरी सही लागते. ज्याची सही, तोच संयोजक. तुम्हाला नको होता तो हाच माणूस.

टेकडीवाली

गावातल्यांना चालणार असेल तर पहिल्या पावत्यांवर माझी सही घ्या. सिस्टर, तुमच्या सुट्टीचे दिवस मला कळवा, रग्बीच्या पोरांशी मी बोलते.