चार्जरच्या छपराची पन्हळ कापावी का? जुन्या मसल कारच्या पत्र्याला कुठवर हात लावावा?

डेट्रॉइटचा रहिवासी (धागाकर्ता)

गेली अकरा वर्षे मी मिशिगनमध्ये राहतो आणि तीन वर्षांपासून माझ्या गॅरेजमध्ये १९६९ सालची डॉज चार्जर उभी आहे, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या दोन दारी अमेरिकन ‘मसल कार’पैकी एक. ती आर/टी (अधिक ताकदीची आवृत्ती) नाही, हेमी (सर्वांत ताकदवान इंजिनाची) तर नाहीच. ३१८ घनइंची व्ही-८ इंजिन घेऊन कारखान्यातून निघालेली ती साधी चार्जर आहे. तिचे मूळ इंजिन माझ्या हाती येण्यापूर्वीच बदललेले होते आणि छपरावर काळे व्हिनाइल (प्लास्टिकचे आच्छादन) चिकटवलेले होते. ते व्हिनाइल सोलून काढल्यावर खाली जे दिसले, ते या गाडीच्या बहुतेक मालकांच्या ओळखीचे असेल. मागच्या काचेची खालची कड, काच आणि डिकी यांच्या मधला पत्रा आणि मागच्या दोन्ही मडगार्डांचा खालचा भाग गंजून त्याची चाळण झाली आहे. पत्रा कापावा लागणार हे ठरलेलेच आहे. कापायचेच आहे तर आकारात काही सुधारणा करावी, की कारखान्याने दिले तेच जसेच्या तसे पुन्हा घडवावे, हा माझा प्रश्न आहे.

माझे मत आधी मांडतो. रिचर्ड सायस यांनी १९६८ च्या चार्जरचा जो आकार रेखाटला, तो वरून पाहिल्यास दोन शंकरपाळे एकामागे एक जोडल्यासारखा दिसतो: पुढच्या चाकांवर रुंद, दारांपाशी निमुळता आणि मागच्या चाकांवर पुन्हा फुगलेला. दारांवरच्या आणि बोनटवरच्या खोलगट खाचा, डाव्या मडगार्डवरचे क्रोमचे पेट्रोलचे झाकण, झापडांमागे दडलेले दिवे आणि दोन उतरत्या खांबांच्या मधोमध आत बसवलेली मागची काच हे सारे त्या रेखाटनाचे शब्द आहेत आणि त्यांतला एकही मी खोडणार नाही. मात्र त्याच गाडीवर अशा काही गोष्टी आहेत, ज्या रेखाटनातून आलेल्या नसून कारखान्याच्या सोयीतून किंवा कायद्यातून आलेल्या आहेत. छपराच्या कडेने धावणारी, पावसाचे पाणी वळवणारी पन्हळ ही छप्पर आणि बाजू जोडण्याच्या पद्धतीतून आली. मडगार्डांवरचे छोटे बाजूदर्शक (गाडी बाजूने दिसावी म्हणून बसवलेले दिवे किंवा रिफ्लेक्टर) अमेरिकेच्या संघीय नियमामुळे १९६८ साली आले. बंपर अंगापासून सुटे उभे आहेत, कारण जुळणीत तेवढी फट ठेवणे स्वस्त पडत होते.

म्हणून माझा बेत असा आहे की पन्हळ कापून छपराची कड गुळगुळीत करावी, बाजूदर्शक काढून ती भोके पत्र्याने बुजवावीत आणि बंपर मधून कापून, थोडे अरुंद करून, अंगाला चिकटवून बसवावेत. मागची चाके रुंद हवी आहेत, पण त्यासाठी मडगार्ड बाहेर ओढायचे नाहीत, आतल्या कमानी आत सरकवून जागा करायची आहे. याला कोणाचा विरोध असेल, तर कारणासह ऐकायची इच्छा आहे.

मूळप्रत

माझा विरोध आहे आणि तो पन्हळीपुरता नाही. रेखाटनातून आलेले आणि कारखान्यातून आलेले अशी जी वाटणी आपण केली आहे, तीच मला मान्य नाही. चार्जर हे चित्र नव्हते, १९६९ साली डेट्रॉइटमध्ये पत्रा कसा दाबत, कसा जोडत आणि काय खर्चात बसवत याचा ती पुरावा आहे. पन्हळ काढली की तो पुरावा पुसला जातो आणि उरते ते एकविसाव्या शतकातील एका माणसाचे १९६९ विषयीचे मत.

दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. आपण सुरुवातीलाच सांगितले की ही साधी ३१८ आहे, मूळ इंजिन नाही, आणि या वाक्यातच कापण्याची परवानगी गृहीत धरलेली आहे. आर/टी आणि हेमी गाड्या किमतीमुळे जपल्या जातात. ज्या गाड्या शाळेतले शिक्षक आणि कारखान्यातले कामगार रोज चालवत होते, त्याच गंजल्या, आपटल्या आणि ‘द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ या दूरचित्रवाणी मालिकेतल्या उड्यांसाठी शेकड्यांनी मोडल्या गेल्या. साधी चार्जर जशी होती तशी पाहायची असेल, तर आणखी तीस वर्षांनी ती कुठे पाहायची?

बोल्ट खोलून परत बसवता येईल असा कोणताही बदल मला चालेल. इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन, चाके, सीट यांना माझी हरकत नाही, कारण पुढच्या मालकाला ते उलटवता येतात. करवतीने कापलेले उलटवता येत नाही. आपल्याकडे भारतात २०२१ साली विंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी जो केंद्रीय नियम आला, त्यानेही पन्नास वर्षांवरील गाडी मूळ रूपात असावी आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशीच अट घातली आहे. अमेरिकेत ती अट नाही, पण तिच्यामागचा विचार मला रास्त वाटतो.

नितळ रेषा

‘मूळप्रत’ यांच्याशी मी पूर्ण असहमत आहे आणि धागाकर्त्यांनाही मी म्हणेन की आपण फार थोडे करत आहात.

चार्जरला सगळ्यांत आधी कापले ते खुद्द क्रायस्लरने, म्हणजे डॉजच्या मालक कंपनीने. १९६८ ची गाडी स्टॉक कार शर्यतीत उतरली, तेव्हा लक्षात आले की तीच देखणी आत बसवलेली काच आणि तीच खोल जाळी वेगात गाडीचा घात करतात. खांबांच्या मधल्या खोबणीत हवा फाटते आणि मागचा भाग उचलला जातो, तर पुढची जाळी हवा अडवते. मग १९६९ साली चार्जर ५०० आली. तिला कोरोनेट या डॉजच्याच दुसऱ्या गाडीची जाळी पुढच्या कडेला सपाट बसवली, मागच्या खोबणीवर पत्र्याची टोपी घालून काच उताराला समतल आणली आणि त्यासाठी डिकीचे झाकण आखूड केले. हे काम डेट्रॉइटच्या क्रिएटिव्ह इंडस्ट्रीज या कंपनीत झाले. त्यानंतरच्या चार्जर डेटोना या शर्यतीसाठीच्या आवृत्तीला टोकदार नाक आणि २३ इंच उंचीचा पंख मिळाला. अशा ५०३ गाड्या घडल्या आणि २४ मार्च १९७० रोजी अलाबामातील टॅलाडेगाच्या ट्रॅकवर शर्यतचालक बडी बेकर यांनी डेटोना ताशी २०० मैलांच्या पुढे नेली. याच गाड्यांच्या पुढच्या काचेच्या खांबांवर पन्हळ झाकणाऱ्या चकचकीत पट्ट्या लावलेल्या होत्या. पन्हळ हवेच्या वाटेत येते हे कारखान्याच्या अभियंत्यांनी स्वतःच कबूल केले होते, एवढाच त्याचा अर्थ.

त्यामुळे पत्रा कापावा लागणारच असेल, तर काचही समतल करून टाका. बदललेली गाडी म्हणजे पुसलेला इतिहास, हे मला पटत नाही. १९५१ च्या एका मर्क्युरीचे छप्पर गाड्यांचे रूप बदलणाऱ्या बॅरिस यांच्या दुकानात १९५२ साली कापून खाली आणले गेले. हिरोहाता मर्क्युरी या नावाने ती ओळखली जाते आणि २०२२ च्या लिलावात तिला सुमारे वीस लाख डॉलर मिळाले. तिला मूळ रूपात परत न्या असे आज कोणी म्हणेल का?

डेट्रॉइटचा रहिवासी

चार्जर ५०० मला ठाऊक आहे आणि तिच्याविषयी आदरही आहे, परंतु तिची काच समतल झाली ती शर्यतीच्या गरजेपोटी. मी माझी गाडी ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूच्या ड्रीम क्रूझमध्ये (जुन्या गाड्यांच्या वार्षिक फेरीत) ताशी वीस मैलांनी नेणार आहे. तिथे हवेचा प्रश्न उद्भवत नाही आणि मागून दिसणाऱ्या त्या खोबणीवर दुपारच्या उन्हात जी सावली पडते, तिच्यासाठीच मी ही गाडी घेतली. ती बुजवण्याचा विचार मी करणार नाही. खांबांवरच्या पट्ट्यांचा मुद्दा मात्र माझ्या बाजूचा आहे.

पत्र्याचे काम

मी बावीस वर्षे डेंटिंगचे काम करतो, त्यातली पहिली नऊ पुण्यात आणि नंतरची आखातात व ओहायोत. मताच्या आधी कामाविषयी थोडे बोलू द्या, कारण या चर्चेत पन्हळ ही वरून चिकटवलेली पट्टी असल्यासारखी वावरते आहे.

पन्हळ म्हणजे तिथला सांधाच आहे. छपराचा पत्रा आणि बाजूची आतली पट्टी यांच्या कडा एकावर एक येतात, ठिपक्यांच्या वेल्डिंगने जुळतात, आणि त्याच कडेला बाहेरून वळवून पाण्याची वाट केलेली असते. ती कापली की छप्पर बाजूपासून सुटते. म्हणून एका वेळी बोटभर कापायचे, तेवढे जोडायचे, मग हातभर अंतर सोडून दुसरीकडे जायचे आणि पहिली जागा थंड होऊ द्यायची असे करत दोन्ही बाजू पुऱ्या कराव्या लागतात. घाई केली तर छपराचा मोठा सपाट पत्रा उष्णतेने लाटा धरतो आणि त्या लाटा नंतर पुट्टीखाली लपवाव्या लागतात. वेल्डिंगच्या दोन पद्धतींपैकी मिगचा टाका कडक होतो आणि हातोडीला दाद देत नाही. टिगचा टाका मऊ राहतो आणि खाली डॉली (लोखंडी ठोकळा) धरून ठोकता येतो, पण त्याची उष्णता जास्त पसरते. मी हे काम दोनदा केले आहे आणि दोन्ही वेळा अंदाजाच्या दुप्पट दिवस लागले.

आता मुख्य गोष्ट. ही दोन दारांची, मधला खांब नसलेली गाडी आहे. दाराच्या काचेला चौकट नाही, ती काच थेट छपराच्या कडेच्या रबरावर टेकते. वरून येणारे पाणी पन्हळ बाजूला नेते म्हणून ते रबर आपले काम करू शकते. पन्हळ गेली की छपरावरचे सगळे पाणी त्या एका रबरावर येते, आणि पावसानंतर दार उघडले की सीटवर धार लागते. पहिली गाडी मी अशीच करून दिली होती. मालकाने सहा महिन्यांनी ती परत आणली तेव्हा पायाखालचा गालिचा कुजला होता. ज्या गाडीचा अर्धा पत्रा आधीच पाण्याने खाल्ला आहे, तिच्यात पाण्याला नवी वाट करून देऊ नका, एवढीच माझी विनंती आहे.

व्हिनाइलबद्दल एक सांगतो. कारखान्यात छप्पर आणि मागचा खांब यांचा सांधा शिसे-कथलाने भरत आणि घासून सपाट करत. व्हिनाइलखाली जाणाऱ्या गाडीचा सांधा घासण्यात फार वेळ घालवत नसत. १९७० च्या प्लिमथ सुपरबर्डला (डेटोनासारख्याच, क्रायस्लरच्या दुसऱ्या ब्रँडच्या गाडीला) तर समतल काचेसाठी घातलेल्या पत्र्याचे जोड झाकता यावेत म्हणून सरसकट व्हिनाइलचे छप्पर दिले होते. तुम्ही छप्पर रंगवणार असाल, तर तो सांधा आधी तपासा. त्यात जुने शिसे असेल तर कोरडे घासू नका, तोंडाला चांगला मास्क लावा आणि त्याच्यावर थेट पुट्टी ओढू नका. शिसे भरताना लावलेल्या फ्लक्सचा (धातू चिकटावा म्हणून लावायच्या रसायनाचा) अंश राहिला तर वर्षभरात रंगाला फोड येतात.

रेषा आणि वळण

मी औद्योगिक डिझाइन शिकले आणि तेच शिकवते, म्हणून फक्त दिसण्याविषयी लिहिते. ‘पत्र्याचे काम’ यांनी पाण्याची बाजू सांगितली. पन्हळ डोळ्यांसाठीही काम करते, हे धागाकर्त्यांनी विचारात घेतलेले दिसत नाही.

या गाडीचा मागचा खांब अतिशय रुंद आहे. पुढच्या काचेपासून निघालेली पन्हळीची क्रोम कड दारांवरून मागे वाहत जाते आणि छप्पर कुठे संपते व काचा कुठे सुरू होतात हे एका झळाळत्या रेषेने सांगते. ती रेषा पुसली की छप्पर जाड दिसते आणि खांब आणखी बोजड होतो. संगणकावर एका छायाचित्रातून पन्हळ पुसून पाहा. मी पाहिली, आणि गाडी मला टोपी डोळ्यांवर ओढल्यासारखी दिसली. सायस यांनी पन्हळ मागितली नसेल, पण ती असणार हे त्यांना ठाऊक होते आणि तिला धरूनच त्यांनी छप्पर काढले. बंधन माहीत असताना काढलेल्या रेषेतून ते बंधन नंतर वेगळे काढता येत नाही. या मुद्द्यावर मी ‘मूळप्रत’ यांच्या बाजूने आहे.

बंपरबाबत मात्र मी धागाकर्त्यांशी सहमत आहे. १९७० च्या चार्जरला पुढे संपूर्ण जाळीभोवती फिरणारे क्रोमचे कडे दिले गेले, म्हणजे बंपर आणि चेहरा एक करण्याकडे कारखाना स्वतःच वळला होता. १९६९ चा बंपर आत ओढणे म्हणजे त्याच वाटेवर अर्धे पाऊल टाकणे होय. फक्त कोपऱ्यांत फट सगळीकडे सारखी ठेवा, कारण क्रोम केल्यावर एका सुताचा फरकही ओरडून दिसतो. बाजूदर्शक काढण्याला माझा विरोध नाही, तरी ११७ इंचांच्या व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) या लांब अंगावर ती दोन छोटी चिन्हे नजरेला थांबायला जागा देतात, हे ध्यानात असू द्या. आणि चाके १८ इंचांच्या पुढे नेऊ नका. ही गाडी १४ इंचांच्या चाकांवर उभी राहील अशा बेताने काढलेली आहे. वीस इंचांची चाके घातली की कमानीतला अंधार नाहीसा होतो आणि मागचे फुगलेले मडगार्ड अकारण लहान वाटू लागते.

मूळप्रत

बंपर कापण्याविषयी माझी सूचना अशी की बाजारात मिळणारे नवे बंपर घेऊन ते कापावेत आणि मूळ जोडी गुंडाळून ठेवावी. मग तो बदलही उलटवता येईल आणि माझा आक्षेप उरणार नाही.

नितळ रेषा

पाण्याचा मुद्दा मी मानतो, परंतु आजची रबरे १९६९ च्या रबरांपेक्षा पुष्कळ चांगली आहेत आणि छपराची कड आतून अर्धा सेंटिमीटर वळवली तर पाणी अडवता येते. अवघड आहे म्हणून करू नये, हे कारण मला कधीच पुरेसे वाटलेले नाही.

डेट्रॉइटचा रहिवासी

चार दिवस मी छायाचित्रावर पन्हळ पुसून आणि परत आणून पाहत होतो. ‘रेषा आणि वळण’ यांचे म्हणणे खरे आहे, छप्पर बोजड होते. मला ते दिसले नव्हते, कारण मी पन्हळीकडे एकटीकडेच पाहत होतो. पन्हळ राहील. ‘नितळ रेषा’ यांना पटणार नाही, पण कड आतून वळवण्याइतका माझा हात तयार नाही आणि गालिचा कुजलेला मला पाहायचा नाही.

बंपरसाठी नवी जोडी मागवली आहे, जुनी पोटमाळ्यावर जाईल. बाजूदर्शकांचे ठरलेले नाही. त्या जागी सध्या रंगाची टेप लावून गाडी अंगणात उभी करतो आहे आणि संध्याकाळच्या तिरप्या उजेडात पाहतो आहे. मागच्या काचेखालचा नवा पत्रा मंगळवारी आला. खांबाच्या सांध्यात शिसे सापडले, डाव्या बाजूला उजवीपेक्षा जवळजवळ दुप्पट जाड. ‘पत्र्याचे काम’ यांना विचारायचे आहे की ते सगळे वितळवून काढावे, की घट्ट बसलेले असेल तेवढे ठेवून त्यावर इपॉक्सी प्रायमर मारला तर चालेल?

पत्र्याचे काम

घट्ट बसलेले असेल तर ठेवा, पन्नास वर्षे टिकलेले काम उगाच उकरू नका. आधी कोमट पाणी आणि खाण्याचा सोडा यांनी धुवा, मग साध्या पाण्याने, मग थिनरने पुसा, आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. डावीकडे एवढे जाड का आहे ते मात्र पाहा. तिथे बहुधा जुना मार बसलेला असेल. आतून हात घालून पत्रा चाचपा आणि फोटो टाका.