स्कॉर्सेसी म्हणजे फक्त गँगस्टर?

रातराणी: काल इथे कोणीतरी अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीबद्दल ठोकून दिलं, "स्कॉर्सेसीचे 'टॅक्सी ड्रायव्हर' आणि 'गुडफेलाज' पाहा, बाकी सगळं भरताड." वाचून डोकंच फिरलं. 'किंग ऑफ कॉमेडी' भरताड? त्यात प्रसिद्धीला हपापलेला रुपर्ट झालेला रॉबर्ट डी नीरो लायझा मिनेली आणि जेरी लुईस या ताऱ्यांच्या पुठ्ठ्याच्या पुतळ्यांमध्ये खुर्ची टाकून खोटी खोटी मुलाखत देतोय आणि आतून आई ओरडतेय. तो आवाज स्कॉर्सेसीच्या सख्ख्या आईचा आहे. प्रसिद्धीची भूक इतकी अंगावर येते की नजर चुकवावीशी वाटते. तेव्हा साफ आपटला, म्हणून काय वाईट ठरला? आणि 'आफ्टर अवर्स' (1985)? टॅक्सीच्या खिडकीतून वीस डॉलरची नोट उडते, मध्यरात्री सबवेचं भाडं वाढतं, आणि एक साधा नोकरदार रात्रभर न्यूयॉर्कच्या सोहोत अडकतो. कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालंय त्याला.

खडूस_पुणेकर: ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेणार नाही. जपानमध्ये छळ सोसणाऱ्या पाद्र्यांवरचा त्याचा 'सायलेन्स' पाहायला बसलो, पावणेतीन तास! अर्ध्या तासात घरातले सगळे उठून गेले.

मांडवीकाठ: उठून जाणाऱ्यांवरून सिनेमा ठरतो का? मी आईबरोबर पाहिला. ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय द्यायला लावतात, तिथे तिने बंद करायला लावला. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, पुढचा लाव. आम्हा गोंयकारांना तो परका नाही. मिशनरी फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये जपानला पोचले ते गोव्याहूनच निघून.

सरळसोट: वा! आणि गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन (धर्माविरुद्ध वागल्याबद्दल शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय) होतं, त्याचं काय? आमचा मंगेश देव रातोरात कुठ्ठाळीहून प्रियोळला न्यावा लागला. पाद्र्यांचे हाल पाहून रडायचं, आमच्यावर सिनेमा कोण काढणार?

मांडवीकाठ: काढा ना, पहिलं तिकीट माझं. पण त्याचा राग 'सायलेन्स' ज्यावर बेतलाय त्या एंदोच्या कादंबरीवर का? सक्तीने श्रद्धा मोडायला लावली की माणसाचं काय होतं, तेच तर त्यात आहे. तुम्ही पाहिलाय का?

सरळसोट: ट्रेलर पाहिलाय.

मांडवीकाठ: मग बोलूच नका! न पाहता इथे इतिहास शिकवताय.

सरळसोट: इतिहास खोटा आहे का? तेवढं सांगा.

मांडवीकाठ: खोटा नाही. पण तो या सिनेमाचा दोष नाही.

रातराणी: अहो, धागा गोव्याचा नाही! खडूस, लांबीचाच त्रास असेल तर 'इटालियनअमेरिकन' (1974) बघा, तासाभराचाही नाही. आईवडिलांना न्यूयॉर्कच्या घरात सोफ्यावर बसवून नुसतं बोलतं केलंय. आई मधेच उठून स्वयंपाकघरात सॉस ढवळून येते. श्रेयनामावलीत तिची मीटबॉलची पाककृती आहे.

खडूस_पुणेकर: पाहिला आत्ता. म्हातारी झकास आहे, हे कबूल. वडिलांना ती वाक्य पुरं करू देत नाही, आमच्याकडेही तेच. 'आफ्टर अवर्स' रविवारी बघेन. 'सायलेन्स' मात्र रटाळच.

मांडवीकाठ: अर्धा तास पाहून?