उसाच्या ट्रॉलीवर मागून कार आदळली : गाडीची भरपाई, पत्नीची भरपाई आणि पाचशेचा स्टॅम्प

जुळे सोलापूरकर

नमस्कार. यंदा १८ जानेवारीच्या रात्री साडेनऊच्या सुमारास पंढरपूरहून सोलापूरकडे परतताना मोहोळच्या अलीकडे माझी कार रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या होत्या. टायर पंक्चर झाल्यामुळे तो डांबरी रस्त्यावरच उभा केला होता, मागे ना दिवा होता ना रिफ्लेक्टर, आणि समोरून येणाऱ्या वाहनाचा उजेड डोळ्यांवर आल्यामुळे उसाची टोके काचेला टेकेपर्यंत मला काहीच दिसले नाही.

माझ्या दोन बरगड्या मोडल्या होत्या, त्या आता भरून आल्या आहेत. पत्नी शेजारच्या आसनावर होती. तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडून प्लेट बसवावी लागली. ती ३८ वर्षांची असून घरीच ब्लाउज शिवण्याचे आणि फॉल-पिकोचे काम करते. महिन्याला साधारण बारा हजार रुपये मिळत, पण त्याची कागदोपत्री नोंद कोठेही नाही. तीन महिने होत आले तरी तिला कात्री नीट धरता येत नाही.

गाडीचा पॅकेज विमा, म्हणजे स्वतःच्या गाडीचे नुकसान आणि दुसऱ्याचे नुकसान अशा दोन्हींचा विमा, होता. गॅरेजचे बिल १,८६,४०० रुपये झाले, विमा कंपनीने १,२७,९०० रुपये मंजूर केले आणि ५८,५०० रुपये मी स्वतः भरले. ट्रॅक्टरमालक माणूस तसा बरा वाटतो. दवाखान्यात दोनदा येऊन गेला आणि 'कारखान्याकडून वाहतुकीचे बिल निघाले की चाळीस हजार देतो' असे म्हणाला. मात्र आता तो पाचशेच्या स्टॅम्पवर 'यापुढे कोणतीही तक्रार अथवा मागणी राहिली नाही' असे आम्हा दोघांकडून लिहून मागत आहे. पोलिसांनी त्या वेळी जागेचा पंचनामा केला, परंतु गुन्हा नोंदवला नाही. धडक मागून मीच दिली असल्यामुळे गुन्हा माझ्यावरच दाखल होईल, असे तेथे सुचवण्यात आले आणि मी गप्प बसलो. सही करावी काय? आणि चूक माझीही धरली गेली, तर पत्नीला काही मिळू शकते काय?

निवृत्त विमा कर्मचारी

मोटार विभागात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे गाडीपुरते सांगतो. पैसे कोठे कापले गेले हे समजून घेण्यासाठी सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसान तपासणाऱ्याच्या, अहवालाची प्रत मागून घ्या, ती मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. तुमची गाडी चार ते पाच वर्षांच्या दरम्यानची असावी असे गृहीत धरतो. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जादा सोय, घेतलेली नसेल, तर बंपरसारख्या प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा (जुनेपणामुळे घटलेली किंमत) लागतो, बोनेटसारख्या धातूच्या भागांवर त्या वयाला ३५ टक्के लागतो आणि काचेवर काहीच लागत नाही. म्हणजे ११,००० रुपयांच्या बोनेटचे ७,१५० रुपये मिळतात, पण ८,४०० रुपयांची पुढची काच पूर्ण मिळते. रंगाच्या एकत्रित बिलातील चौथा हिस्सा सामानाचा धरून त्याच्या निम्मी रक्कम कापतात. मजुरीवर घसारा नसतो. याखेरीज १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला एक हजार रुपये सक्तीने स्वतः सोसावे लागतात. अहवालात काचेवर किंवा मजुरीवर घसारा लावलेला आढळला, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी हरकत घ्या. तेथे दाद लागली नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत विनाशुल्क तक्रार करता येते, सोलापूर जिल्हा त्याच कार्यालयाच्या कक्षेत येतो.

उरलेले ५८,५०० रुपये ट्रॅक्टरच्या विमा कंपनीकडून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणामार्फत मागता येतात. मालमत्तेच्या नुकसानीसाठी तृतीय पक्ष विम्यात, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या विम्यात, साधारणपणे साडेसात लाखांपर्यंतची मर्यादा असते, त्यामुळे तुमची रक्कम त्यात सहज बसते. मात्र जे १,२७,९०० रुपये मिळाले आहेत, ते पुन्हा मागता येणार नाहीत, आणि धडक मागून दिलेली असल्याने उरलेल्या रकमेतही तुमच्या चुकीच्या वाट्याइतकी कपात होईल. तुमच्या पॉलिसीतील १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण मृत्यू आणि ठरावीक कायमच्या अपंगत्वासाठीच असते. भरून आलेल्या बरगड्यांसाठी त्यातून काही मिळत नाही, ती आशा ठेवू नका.

होटगी रोड वकील

सही करू नका. ट्रॅक्टरमालकाचा हेतू वाईट असेलच असे नाही, परंतु हंगाम संपण्याची आणि बिल निघण्याची वाट पाहण्यात तुमचेच दिवस जात आहेत. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालील भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करण्याची तरतूद आहे. १८ जुलै ही तारीख डोळ्यांसमोर ठेवा आणि तिच्या बरेच आधी अर्ज दाखल करा. अर्जदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, म्हणून मोहोळला किंवा ट्रॅक्टरमालकाच्या गावी जाण्याची गरज नाही, आपल्या जिल्हा न्यायालयातच काम चालेल.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो, कारण बहुतेक कुटुंबे नेमकी येथेच चुकतात. तुमचा दावा आणि वहिनींचा दावा हे दोन वेगळे दावे आहेत. तुमच्या स्वतःच्या दुखापतीच्या भरपाईतून तुमच्या चुकीचा वाटा वजा होतो, त्याला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात. रात्री दिव्याविना रस्त्यात उभे केलेले वाहन हा मोठा दोष असला, तरी मागून येणाऱ्यानेही आपल्या दिव्यांच्या उजेडात थांबता येईल इतकाच वेग ठेवायला हवा होता, असे समोरचा वकील म्हणेल आणि काही टक्के तुमच्याकडे येतील. वहिनी मात्र गाडी चालवत नव्हत्या. त्यांच्या दृष्टीने दोन वाहनचालकांच्या एकत्रित निष्काळजीपणामुळे त्यांना इजा झाली आहे, आणि अशा वेळी जखमी व्यक्ती संपूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाही एकाकडून वसूल करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेन्येई प्रकरणात स्पष्ट केले आहे. नवऱ्याची चूक पत्नीच्या भरपाईतून वजा होत नाही. शिवाय तुमचा विमा पॅकेज असल्यामुळे गाडीतील प्रवासी म्हणून त्या तुमच्या कंपनीच्या संरक्षणातही येतात, तेव्हा अर्जात ट्रॅक्टरमालक, त्याची विमा कंपनी, तुम्ही स्वतः आणि तुमची विमा कंपनी अशा सर्वांना सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध दावा आहे असे पक्ष, करावे लागेल. पत्नीने नवऱ्याला सामनेवाला करणे ऐकायला विचित्र वाटते, पण कागदावर ते तसेच असते, घरात त्यावरून वाद घालू नका.

गुन्ह्याच्या भीतीने गप्प बसलात, त्यामुळे ट्रॅक्टरचालकाच्या चुकीचा कागदच तयार झाला नाही. आता पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्या, ती घेतली नाही तर पोलीस अधीक्षक, सोलापूर ग्रामीण यांना टपालाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. फिर्याद उशिरा दिली एवढ्याच कारणावरून खरा दावा फेटाळता येत नाही, हे २०११ मध्येच ठरलेले आहे.

ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्या यांची नोंदणी व विमा वेगवेगळा असतो, म्हणून तिन्हींचे क्रमांक पंचनाम्यातून घ्या. शेतीसाठी विमा असलेला ट्रॅक्टर भाड्याने ऊस वाहत होता, अशी हरकत त्याची विमा कंपनी बहुधा घेईल. पुष्कळ प्रकरणांत न्यायाधिकरण 'आधी जखमीला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश देते. तो ट्रॅक्टरमालक आज स्टॅम्प का मागतो आहे, याचे उत्तर यातच असू शकते.

मोडलेले हाड ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत आहे आणि कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता अडीच लाख मिळतात. परंतु ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा अर्ज संपुष्टात येतो, त्यामुळे विमा कंपनीचा माणूस त्या रकमेचा कागद घेऊन आला तर आधी हिशेब करून पाहा. वहिनींचे उत्पन्न बारा हजार मानले गेले, तर वर्षाचे १,४४,००० होतात. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारासाठी भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरल्यास २,०१,६०० होतात. शिवणकामाची क्षमता १५ टक्के घटली असे ठरले, तर वर्षाला ३०,२४० रुपयांचे नुकसान होते आणि ३६ ते ४० वयोगटासाठी ठरलेल्या १५ या गुणकाने गुणले की ते ४,५३,६०० रुपये होते. उपचार, वेदना आणि काम बंद राहिलेले महिने यांचे पैसे त्याखेरीज असतात. डॉक्टर हाताचे अपंगत्व किती टक्के लिहितात आणि त्या कामावर त्याचा परिणाम किती होतो, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालात हाच भेद केलेला आहे.

साखर पेठ

माझ्या वडिलांच्या अपघाताचा दावा आम्ही लढवला, त्यातून दोन गोष्टी सांगते. ज्या खासगी दवाखान्यात वडिलांना आधी नेले, तेथील डिस्चार्ज कार्डावर घाईत 'पडून दुखापत' असे लिहिले गेले होते. आमच्यापैकी कोणीही ते वाचले नाही. विमा कंपनीच्या वकिलाने उलटतपासणीत तेवढा एकच कागद पुढे केला आणि डॉक्टरांना साक्षीला आणण्यात आमचे जवळजवळ वर्ष गेले. वहिनींच्या कार्डावर रस्ता अपघात असे लिहिले आहे ना, हे आजच पाहा.

दुसरे म्हणजे, कागद नाही असे तुम्ही लिहिले आहे, पण ब्लाउज शिवणाऱ्या बाईकडे मापाची वही असतेच. माझ्या आईचीही होती. त्यात तारीख, गिऱ्हाइकाचे नाव, माप, अस्तराचे की साधे आणि शिलाई किती, हे सगळे असते. ती वही जशी आहे तशी ठेवा, नव्याने सुबक उतरवून काढू नका. दोन-तीन गिऱ्हाइके साक्षीला आली तरी पुष्कळ होते. आणि वॉर्डात येऊन 'तुमची केस मी करून देतो, मिळेल त्यातला एवढा हिस्सा द्या' असे सांगणाऱ्यांना घरात घेऊ नका.

होटगी रोड वकील

ताईंनी शेवटी लिहिले ते खरे आहे. निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेण्यास वकिलांना मनाई आहे, तेव्हा असे बोलणारा माणूस एक तर वकील नसतो किंवा नियम पाळणारा नसतो.

जुळे सोलापूरकर

सर्वांचे आभार. काका, अहवालाची प्रत मागवली आहे. ताई, डिस्चार्ज कार्डावर रस्ता अपघात असेच लिहिलेले आहे. मापाची वहीही सापडली. शेवटची नोंद १७ जानेवारीची, लग्नाच्या सहा ब्लाउजांची आहे, त्यांतील चार कापड तसेच परत करावे लागले होते. ट्रॅक्टरमालकाला सही करणार नाही असे कळवले, तेव्हा तो रागावला नाही, फक्त 'मग विमा कंपनीचे बघा' एवढेच म्हणाला. एक विचारायचे राहिले. माझ्या मेव्हण्याने त्या रात्री घटनास्थळी येऊन ट्रॉलीच्या मागच्या बाजूचे मोबाइलवर तीन फोटो काढले होते, त्यांत रिफ्लेक्टर नसल्याचे स्पष्ट दिसते. त्यांच्या प्रिंट काढून जोडल्या तर चालतील काय?

होटगी रोड वकील

नुसत्या प्रिंटवर हरकत येईल. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठीचे प्रमाणपत्र सोबत लागते आणि फोटो ज्यांनी काढले त्या मेव्हण्यांना साक्षीला यावे लागेल. दावा संपेपर्यंत त्यांनी तो मोबाइल विकू नये, बदलीत देऊ नये आणि मूळ फोटो पुसू नयेत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या प्रतीत वेळेची मूळ नोंद राहत नाही, म्हणून मूळ फाइल केबलने संगणकावर उतरवून घ्या आणि पंचनाम्याच्या प्रतीसह या आठवड्यात कोणत्याही वकिलाकडे जा.