थंडीतल्या कॅम्पिंगला ग्राउंडिंग ब्लँकेट: ऊब खरंच मिळते का?

कातळवाट
डिसेंबर लागला की आमच्या ट्रेक ग्रुपवर सामानाची चर्चा सुरू होते. यंदा त्यात नवी भर पडली आहे ती ग्राउंडिंग ब्लँकेटची. सुती कापडात चांदीचे बारीक तंतू, कोपऱ्याला धातूचं बटण, बटणाला वायर आणि वायरच्या टोकाला जमिनीत ठोकायची सळई. शरीर जमिनीशी जोडलं गेलं की गाढ झोप लागते, असा दावा. आता त्यात 'थंडीत ऊबही राहते' अशी पुस्ती जोडली गेलीय. ग्रुपमधले दोघं कॅरीमॅट (अंगाखाली अंथरायची फोमची मॅट) घरी ठेवून हेच घेऊन निघालेत. माझा याला ठाम विरोध आहे.

टेंटमध्ये झोपल्यावर थंडी वरून जेवढी लागते तेवढीच खालून लागते. अंगाच्या वजनाने स्लीपिंग बॅगची खालची बाजू चपटी होते, आतली हवा निघून जाते, आणि ऊब धरून ठेवते ती ही हवाच. म्हणून खाली मॅट लागते. मॅट उष्णता किती अडवते ते आर-व्हॅल्यूवरून कळतं. साध्या फोमच्या मॅटची साधारण २ असते, बर्फावर झोपायचं तर ५ च्या आसपास हवी. दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची बेरीज होते. पातळ सुती चादरीत चांदी असो वा नसो, ती या हिशेबात कुठेच बसत नाही.

गोदाकाठ
तुमचा ऊबेचा मुद्दा मान्य, पण तुम्ही झोपेचा मुद्दा एका वाक्यात उडवलात. मी घरी ही चादर वापरते आणि मला फरक जाणवतो. २००४ मध्ये यावर अभ्यासही झालाय. झोपेच्या तक्रारी असलेल्या १२ जणांना ग्राउंडिंग करून झोपवलं, कॉर्टिसोल (ताणाशी संबंधित हार्मोन) मोजलं, त्यांच्या झोपेत सुधारणा दिसली. आपली आजी-आजोबांची पिढी जमिनीवरच झोपायची, अनवाणी शेतात राबायची. मातीचा स्पर्श आपण पार तोडून टाकलाय हे तरी नाकारू नका. डोंगरात जाऊनही प्लास्टिकच्या तळाच्या टेंटमध्ये झोपायचं, मग निसर्गाशी जोडलं जाणं कुठे राहिलं?

वाकळ
गोदाकाठ ताई, जमिनीवर झोपायचे हे खरं, पण नुसत्या जमिनीवर कोण झोपायचं? आमच्याकडे मावळात भात झोडून झालं की पेंढा पसरायचा, त्यावर गोणपाट, त्यावर वाकळ. मेंढरं घेऊन फिरणारे धनगर आजही उघड्या माळावर घोंगडी अंथरूण-पांघरूण दोन्हीला वापरतात. कोरडी लोकर, कोरडा पेंढा, गोणपाट यातून ना ऊब खाली जाते ना वीज. मातीशी विजेचा संबंध तोडूनच ती पिढी उबेत झोपत होती. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठावर पहाटे गवतावरचं दव गोठतं ते आठवा. निरभ्र रात्री जमिनीलगतच गारठा सगळ्यात जास्त असतो. त्या जमिनीपासून चार बोटं वर राहायची सोय माणसाने आधी केली, बाकी सगळं नंतर.

तीन_फेज
कातळवाट यांना +१. इलेक्ट्रिकचं काम करतो म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो.

भंडारदऱ्याच्या आसपासच्या कॅम्पसाईटवर हल्ली टेंटपर्यंत एक्स्टेन्शन बोर्ड ओढलेला असतो, बल्ब आणि मोबाईल चार्जिंगसाठी. ही ब्लँकेटं बोर्डाच्या अर्थिंगच्या भोकात जोडायच्या पिनसह पण येतात. कृपा करून तिथे जोडू नका. अशा तात्पुरत्या वायरिंगमध्ये अर्थिंगची तार कित्येकदा कुठेच जोडलेली नसते. एखाद्या उपकरणातून फेज त्या तारेवर उतरला तर तुमची चादर थेट २३० व्होल्टवर येते, आणि तुम्ही घामेजल्या अंगाने तिच्यावर झोपलेले. चांगल्या वायरमध्ये १ लाख ओहमचा रेझिस्टर असतो, त्यामुळे करंट २.३ मिलिअँपिअरच्या पुढे जात नाही, जीव वाचतो. पण स्वस्तातल्या वायरमध्ये तो आहे की नाही हे बाहेरून बघून सांगता येत नाही. मल्टिमीटर लावून तपासल्याशिवाय मी माझ्या पोरांना अशा चादरीवर झोपवणार नाही.

सळईचंही तेच. वळवाच्या दिवसांत वीज जवळ पडली की जमिनीत थोड्या थोड्या अंतरावर वेगळा व्होल्टेज उभा राहतो. टेंटपासून लांब ठोकलेली सळई तो तुमच्या अंथरुणापर्यंत आणून सोडते. विजांच्या वेळी उघड्यावर अडकलात तर मॅटवर पाय जुळवून उकिडवे बसा असं सांगतात, ते याच कारणासाठी.

उत्तरध्रुव
मिनेसोटात राहतो, इथे उत्तरेला कॅनडाच्या सीमेलगतच्या तळ्यांवर हिवाळ्यात कॅम्पिंग करतो. जानेवारीत सळई ठोकायला जमीनच मिळत नाही, दोन-तीन फूट दगडासारखी गोठलेली. कोरडा बर्फ आणि गोठलेली माती वीज फारच कमी वाहून नेतात, म्हणजे वायर जोडूनही अर्थिंग नावापुरतंच. आपल्या हरिश्चंद्रगडावर वेगळं काय होणार? वीतभर माती, खाली कातळ, आणि पावसाळा सरून तीन महिने झालेले.

गोदाकाठ
तीन_फेज दादा, बोर्डाला न जोडण्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं, हे विकणाऱ्यांनी पाकिटावर मोठ्या अक्षरात छापायला हवं. पण कॅरीमॅट अंथरून, वर ही चादर घेऊन, हवा स्वच्छ असताना कुणी झोपलं तर त्यात वाईट काय? चार-पाचशे ग्रॅम वजन वाढेल एवढंच. मला बाहेर नेहमीच झोप छान लागते आणि त्याचं श्रेय मी जमिनीला देते.

कातळवाट
वाईट काही नाही, पण उपयोगही होणार नाही. चादर कातडीला लागली तरच ती काम करते असं ती विकणारेच सांगतात. थंडीत आपण थर्मल, पायमोजे, कानटोपी घालून स्लीपिंग बॅगमध्ये शिरतो. चादर बॅगेखाली घातली तर स्पर्श होत नाही, आणि आत घेतली तर साध्या लायनरइतकी (बॅगेच्या आत घालायच्या पातळ अस्तराइतकी) ऊब मिळेल, तीही कापडाची.

त्या १२ जणांच्या अभ्यासात तुलनेला ग्राउंडिंग न केलेला गट नव्हता. आपल्यावर काहीतरी उपाय चाललाय हे माहीत असलं की माणूस बरं वाटल्याचं सांगतो. आणि डोंगरात झोप छान लागते याला भक्कम कारण आहे. कोलोरॅडोतल्या संशोधकांनी लोकांना हिवाळ्यात, ऐन लहान दिवसांत, टॉर्च आणि मोबाईलशिवाय कॅम्पिंगला नेलं होतं. २०१७ मध्ये ते निष्कर्ष छापून आले. शहरातल्यापेक्षा मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं हार्मोन, संध्याकाळी अडीच तासांहून लवकर वाढायला लागलं होतं. दिवसभराचं ऊन आणि रात्रीचा खरा अंधार, श्रेय द्यायचं तर यांना द्या. ते फुकट मिळतं आणि सॅकमध्ये भरावं लागत नाही.

नवखा_भटक्या
मी जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर जातोय, साडेबारा हजार फूट. चकचकीत चंदेरी ब्लँकेट आणि हे एकच का? दोन हजारांत काय घेऊ?

कातळवाट
एकच नाही. चंदेरी पन्नी अंगाची उष्णता परत फेकते, आणीबाणीला सॅकमध्ये असावी. पण रात्रभर गुंडाळून झोपलात तर घाम आत साचून बॅग ओली होते.

दोन हजारांत दुसरी फोम मॅट आणि लोकरीचे कोरडे मोजे घ्या. ते मोजे दिवसा घालायचे नाहीत, फक्त झोपताना. पाय गरम असले की झोप लवकर लागते हे स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी १९९९ मध्येच दाखवलंय. रात्री स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरा, झाकण दोनदा तपासा, मोज्यात घालून पायाशी ठेवा. पहाटे तेच प्यायला होतं. झोपण्याआधी शेंगदाणे-गूळ खा आणि लघवीला जाऊन या, आळस करू नका. स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं असतात, त्यातलं 'कम्फर्ट' (आरामात झोप लागेल ते) बघा, 'लिमिट' (कसंबसं निभेल ते) नाही. तोंड बॅगेत खुपसून श्वास घेऊ नका, आत ओल धरते.

कितीही गारठलात तरी कोळशाची शेगडी किंवा स्टोव्ह टेंटच्या आत पेटवू नका, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूने, ज्याला वासही नसतो, झोपेतच माणूस जातो. आणि मॅट सांकरीत (ट्रेक सुरू होतो त्या गावात) भाड्याने मिळते, पण घेताना दुमडून बघा. घडीवर चिरलेली असेल तर दुसरी मागा.